एक ॲप काढलं आणि ऑटोरिमूव्ह अख्खा डेस्कटॉप काढायला निघालं: ग्रुप, मेटापॅकेज आणि डिपेंडन्सीचा घोळ

लिनक्सवर डेस्कटॉपसोबत आलेलं एखादं नको असलेलं ॲप तुम्ही काढून टाकता. गेम असेल, ईमेल क्लायंट असेल. त्या वेळी सगळं ठीक दिसतं. पुढे कधीतरी अपडेट करताना टर्मिनल सांगतं की खालची पॅकेजं आपोआप आली होती, आता त्यांचं काम उरलेलं नाही, ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजं काढणारी कमांड) चालवा. यादी लांबलचक असते, कोण वाचणार? वाय दाबलं जातं, आणि रीस्टार्ट केल्यावर समोर येतो नुसता काळा पडदा आणि लॉगिनची ओळ. याच तक्रारीची आणखी दोन रूपं आहेत: काढलेलं ॲप पुढच्या अपग्रेडला परत हजर होतं, किंवा ग्रुप (एकत्र इन्स्टॉल होणारा पॅकेजांचा संच) काढूनही त्यातली निम्मी पॅकेजं जागची हलत नाहीत.

तिन्हींचं मूळ एकच. पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर बसवणारा आणि काढणारा प्रोग्रॅम, प्रत्येक पॅकेजबद्दल एक नोंद ठेवतो: हे वापरणाऱ्याने स्वतः मागवलं, की दुसऱ्या कशाच्या मागून आलं? ऑटोरिमूव्ह हीच नोंद आणि डिपेंडन्सीची (कोणत्या पॅकेजला दुसरं कोणतं लागतं याची) साखळी बघतं, तुम्ही काय वापरता हे त्याला कळत नाही. म्हणून यादीतली नावं एकेक करून वाचवत बसण्यात अर्थ नाही. दुरुस्त करायची ती नोंद.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. काही बदल करणाऱ्या कमांडच्या आधी सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावायचं. नुसतं बघणाऱ्या कमांडना त्याची गरज नाही.

आधी हे थांबवा

अपडेटच्या एखाद्या स्क्रिप्टमध्ये किंवा क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) ऑटोरिमूव्हला '-वाय' (न विचारता होकार) जोडून ठेवलं असेल तर ते आत्ताच काढा. उबुंटू आणि डेबियनवर अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट करणारी सोय) चालू असेल तर '/ईटीसी/एपीटी/एपीटी.कॉन्फ.डी/५०अनअटेंडेड-अपग्रेड्स' ही फाइल उघडून 'रिमूव्ह-अनयूज्ड-डिपेंडन्सीज' ची किंमत बघा. मुळात ती 'फॉल्स' असते. कुणी डिस्कची जागा वाचवायला 'ट्रू' केली असेल, तर ही सगळी साफसफाई न विचारता रात्रीतून उरकली जाते.

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्यावर बेतलेल्या डिस्ट्रो

इथला पॅकेज मॅनेजर एपीटी, आणि ग्रुप म्हणजे बहुतेक वेळा मेटापॅकेज. 'ग्नोम-कोर', 'केडीई-स्टँडर्ड', 'उबुंटू-डेस्कटॉप' ही अशी पॅकेजं आहेत. आत स्वतःचं असं जवळपास काहीच नाही, फक्त 'डिपेंड्स' (लागतातच अशी पॅकेजं) आणि 'रेकमेंड्स' (शिफारस केलेली) च्या याद्या. हा फरक महत्त्वाचा आहे. ॲप 'रेकमेंड्स' मध्ये असेल तर ते काढल्याने मेटापॅकेजला धक्का लागत नाही. 'डिपेंड्स' मध्ये असेल तर ॲपसोबत मेटापॅकेजही जातं. मेटापॅकेज गेलं की त्याच्या आधारावर उभी असलेली, ऑटो अशी खूण असलेली पॅकेजं एकदम अनाथ ठरतात.

ऑटोची खूण '/व्हार/लिब/एपीटी/एक्सटेंडेड_स्टेट्स' या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते. उघडून बघितली तर असे तुकडे दिसतात:

पॅकेज: नॉटिलस
आर्किटेक्चर: एएमडी६४
ऑटो-इन्स्टॉल्ड: १

तिसऱ्या ओळीतला १ म्हणजे दुसऱ्याच्या मागून आलेलं. ० असेल, किंवा पॅकेजचं नावच या फाइलमध्ये नसेल, तर ते मॅन्युअल. ही फाइल हाताने बदलू नका, त्यासाठी 'एपीटी-मार्क' आहे.

आता क्रमाने बघू. काहीही न बदलता, काय काय जाणार आहे ते आधी बघा:

एपीटी-गेट -एस ऑटोरिमूव्ह

'-एस' म्हणजे नुसती रंगीत तालीम, प्रत्यक्षात काही हलत नाही. यादीत 'ग्नोम-शेल', 'जीडीएम३', 'नेटवर्क-मॅनेजर' अशी नावं दिसली की समजा, वरचं मेटापॅकेज कधीतरी गेलेलं आहे. ते कधी आणि कशासोबत गेलं हे '/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग' मध्ये सापडतं. जुने लॉग त्याच फोल्डरमध्ये जीझिप करून ठेवलेले असतात, ते 'झेडग्रेप' ने शोधता येतात. 'रिमूव्ह:' ने सुरू होणाऱ्या ओळीत तुम्ही मागितलेल्या एका नावाशेजारी दुसरं नाव दिसेल. गुन्हेगार तेच. वरच्या 'कमांडलाइन:' या ओळीत नेमकी कोणती कमांड दिली होती तेही मिळतं.

एखादं पॅकेज कुणामुळे टिकून आहे हे विचारायला 'ॲप्टिट्यूड' सारखं दुसरं साधन नाही. रोजच्या इन्स्टॉलसाठी तो वापरायची गरज नाही, पण या एका कामासाठी मशीनवर असावाच:

ॲप्टिट्यूड व्हाय नॉटिलस

उत्तरात साखळी येते आणि सर्वांत वर तुम्ही स्वतः मागवलेलं पॅकेज असतं. साखळी सुरू करणारं असं मॅन्युअल पॅकेजच सापडत नसेल, तर निदान पक्कं झालं.

दुरुस्तीचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे मेटापॅकेज परत आणायचं: 'एपीटी इन्स्टॉल ग्नोम-कोर'. सगळ्यांत सोपा, पण तुम्ही काढलेलं ॲपही परत येणार, कारण ते त्याच्या 'डिपेंड्स' मध्ये आहे. जागा फार खात नसेल तर तेवढं सहन करा आणि मेन्यूतून लपवून टाका. अनेकांना हे पटत नाही, पण पन्नास मेगाबाइटच्या ॲपसाठी पुढच्या प्रत्येक अपग्रेडला यादी वाचत बसणं हा वाईट सौदा आहे. या मार्गाचा आणखी एक फायदा: पुढच्या आवृत्तीत डेस्कटॉपला नवीन घटक लागला तर तो मेटापॅकेजच ओढून आणतं.

दुसरा मार्ग, मुख्य पॅकेजं स्वतः मागवली असं नोंदवायचं:

एपीटी-मार्क मॅन्युअल ग्नोम-शेल जीडीएम३ नॉटिलस नेटवर्क-मॅनेजर

इथे बहुतेकांची चूक होते. ऑटोरिमूव्हची पूर्ण यादी कॉपी करून 'एपीटी-मार्क मॅन्युअल' ला चिकटवली जाते. संकट टळतं खरं, पण शेकडो लायब्ररी कायमच्या मॅन्युअल होऊन बसतात. पुढे डेबियनची आवृत्ती बदलली की जुन्या लायब्ररी कुणालाही नको असून जात नाहीत, आणि अपग्रेडमध्ये आडव्या येतात. म्हणून मॅन्युअल करायची ती फक्त तुम्ही नावाने ओळखता अशी पॅकेजं: शेल, डिस्प्ले मॅनेजर, फाइल मॅनेजर, टर्मिनल, नेटवर्क, आवाजाचा सर्व्हर. 'लिब' ने सुरू होणारं नाव जवळपास कधीच मॅन्युअल नको. कर्नललाही हाच नियम लागू होतो. 'लिनक्स-इमेज-एएमडी६४' किंवा 'लिनक्स-जेनेरिक' हे मेटापॅकेज मॅन्युअल हवं, पण आवृत्तीचा आकडा असलेलं प्रत्येक 'लिनक्स-इमेज' ऑटोच राहू द्या. ती मॅन्युअल झाली की जुने कर्नल साचतात, '/बूट' भरतं आणि पुढचं कर्नल अपडेट अर्ध्यावर अडकतं.

हे आधीच करून बसला असाल तर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ने यादी काढा आणि लायब्ररी 'एपीटी-मार्क ऑटो' ने परत ऑटो करा. मेटापॅकेज जागेवर असेल तर 'एपीटी-मार्क मिनिमाइझ-मॅन्युअल' हे काम एका फटक्यात करतं: मेटापॅकेजच्या मागून येणाऱ्या सगळ्यांना ऑटो करून टाकतं. त्यानंतर लगेच 'एपीटी-गेट -एस ऑटोरिमूव्ह' बघायला विसरू नका.

तिसरा मार्ग थोडा खटपटीचा आहे, पण एकापेक्षा जास्त मशीन सांभाळणाऱ्याला तोच परवडतो: स्वतःचं मेटापॅकेज. 'इक्विव्ह्स' इन्स्टॉल करा, मग 'इक्विव्ह्स-कंट्रोल माझा-डेस्कटॉप' ही कमांड नमुना फाइल तयार करते. तिच्यात एवढ्याच ओळी बदलायच्या:

पॅकेज: माझा-डेस्कटॉप
व्हर्जन: १.०
डिपेंड्स: ग्नोम-शेल, जीडीएम३, नॉटिलस, नेटवर्क-मॅनेजर

नावात रोमन लहान अक्षरं, आकडे, वजा, अधिक आणि टिंब एवढंच चालतं. 'इक्विव्ह्स-बिल्ड माझा-डेस्कटॉप' चालवलं की डेब फाइल (इन्स्टॉल करता येणारं पॅकेज) मिळते. ती 'एपीटी इन्स्टॉल' ने, फाइलच्या नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ देऊन बसवायची. मग यादीतली पॅकेजं 'एपीटी-मार्क ऑटो' करायची, म्हणजे आधार हा एकच राहील. यादी बदलली की व्हर्जनचा आकडा वाढवा. 'सेक्शन' ची ओळ नमुन्यात असेल तशीच ठेवा, 'मेटापॅकेजेस' लिहू नका. '०१ऑटोरिमूव्ह' या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये त्या विभागातल्या पॅकेजांच्या थेट डिपेंडन्सींसाठी वेगळा नियम आहे, त्यामुळे ऑटो-मॅन्युअलची नोंद तुमच्या अपेक्षेप्रमाणे राहात नाही. दोन मशीनवर तीच कमांड देऊन वेगळा निकाल येतो, त्यामागे पुष्कळदा हाच नियम असतो.

आता उलट तक्रार: ऑटोरिमूव्ह काही काढतच नाही. कारण साधं आहे. एपीटी 'रेकमेंड्स' आणि 'सजेस्ट्स' (नुसत्या सूचना) दोन्हींना टिकून राहण्याचं कारण मानतं. मशीनवरच्या कुठल्याही पॅकेजने ते सुचवलेलं असलं, तरी ते राहतं. फक्त एका वेळेपुरतं 'सजेस्ट्स' बाजूला ठेवून बघता येतं:

एपीटी-गेट -एस -ओ एपीटी::ऑटोरिमूव्ह::सजेस्ट्सइम्पॉर्टंट=फॉल्स ऑटोरिमूव्ह

यादी पटली तरच '-एस' काढा. हाच प्रयोग 'रेकमेंड्सइम्पॉर्टंट' वर करू नका. लेनी म्हणजे २००९ च्या डेबियनपासून 'रेकमेंड्स' आपोआप इन्स्टॉल होतात आणि डेस्कटॉपचे पुष्कळ खरे उपयोगी भाग तिथूनच आलेले असतात.

डेबियनच्या टेस्टिंग किंवा अनस्टेबल या अजून तयार होत असलेल्या शाखा वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. 'फुल-अपग्रेड' ने डेस्कटॉपचं मेटापॅकेज काढायचा प्रस्ताव दिला तर दोष तुमच्या नोंदींत नसतो, रिपॉझिटरीतच (पॅकेजांच्या भांडारात) घडामोड चालू असते. २०२४ मध्ये ३२ बिट प्रणालींवरच्या वेळेच्या आकड्यासाठी शेकडो लायब्ररींच्या नावामागे 'टी६४' लागलं, तेव्हा अनस्टेबलवर आठवडेच्या आठवडे हेच चाललं होतं. अशा वेळी नकार द्या, साधं 'एपीटी अपग्रेड' करा आणि थांबा. साधं अपग्रेड काहीही काढत नाही.

डेस्कटॉप गेलाच असेल तर

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून मजकुराच्या कन्सोलवर लॉगिन करा. पहिली अडचण बहुतेक वेळा नेटवर्कची येते, कारण 'नेटवर्क-मॅनेजर' ही त्याच यादीतून गेलेलं असतं. वायफायच्या मागे लागू नका. तार जोडा आणि मशीनवर असलेला डीएचसीपी क्लायंट (नेटवर्कचा पत्ता मिळवणारा प्रोग्रॅम) हाताने चालवा. ऑटोरिमूव्ह 'एपीटी' ऐवजी 'एपीटी-गेट' वापरणाऱ्या मशीनवर झालं असेल तर आणखी एक आशा असते: '/व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्ह्ज' मध्ये आधी उतरवलेल्या डेब फाइली पडून असतात. 'एपीटी' मात्र इन्स्टॉल झाल्यावर त्या पुसून टाकतं.

नेटवर्क आलं की मेटापॅकेज इन्स्टॉल करा, बहुतेक गोष्टी परत येतात. अगदी तेच सगळं हवं असेल तर हिस्टरी लॉगमधली 'रिमूव्ह:' ची शेवटची ओळ घ्या, कंसातल्या आवृत्त्या आणि स्वल्पविराम काढून टाका, उरलेली नावं 'एपीटी इन्स्टॉल' ला द्या. यात सगळं मॅन्युअल होतं, तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे नंतर 'मिनिमाइझ-मॅन्युअल'.

फेडोरा

फेडोरात पॅकेज मॅनेजर डीएनएफ, आणि ग्रुप हे पॅकेज नसतंच. रिपॉझिटरीच्या मेटाडेटामध्ये 'कॉम्प्स' नावाची यादी असते, तिच्यात प्रत्येक ग्रुपची पॅकेजं मँडेटरी, डिफॉल्ट, ऑप्शनल अशी विभागलेली. 'डीएनएफ ग्रुप इन्स्टॉल' पहिली दोन आणतं, तिसरी हवी असतील तर '--विथ-ऑप्शनल'. आलेल्या प्रत्येक पॅकेजला डीएनएफ कारण चिकटवतं: यूझर, डिपेंडन्सी, वीक डिपेंडन्सी किंवा ग्रुप.

'ग्रुप काढला पण निम्मं राहिलं' याचं उत्तर इथे आहे. 'ग्रुप रिमूव्ह' फक्त ग्रुपमुळे आलेली आणि दुसऱ्या कुठल्याही इन्स्टॉल केलेल्या ग्रुपात नसलेली पॅकेजं काढतं. तुम्ही मधेच कधी 'डीएनएफ इन्स्टॉल' ने त्यातलं एखादं नाव मागवलं असेल तर त्याचं कारण यूझर झालं, ते हलणार नाही.

ग्नोम डेस्कटॉपवर केडीई हा दुसरा डेस्कटॉप टाकून बघितलं आणि आता काढायचंय, अशा वेळी ग्रुपच्या वाटेला न जाता हिस्टरीच्या वाटेने जा:

डीएनएफ हिस्टरी लिस्ट
डीएनएफ हिस्टरी इन्फो ४२
डीएनएफ हिस्टरी अनडू ४२

४२ च्या जागी तुमच्या व्यवहाराचा आकडा. त्या व्यवहारात जे नव्याने आलं ते जातं, आधीचं जागेवर राहतं. त्याच व्यवहारात काही पॅकेजं अपग्रेडही झाली असतील तर त्यांच्या जुन्या आवृत्त्या रिपॉझिटरीत नसल्यामुळे अडकू शकतं, म्हणून नवीन ग्रुप टाकण्याआधी अपडेट वेगळं उरकून घ्यायचं.

कारण दुरुस्त करायच्या कमांडचं नाव बदललंय, यावर अनेक जण अडतात. डीएनएफ ४ मध्ये 'डीएनएफ मार्क इन्स्टॉल', तर फेडोरा ४१ पासून आलेल्या डीएनएफ ५ मध्ये 'डीएनएफ मार्क यूझर' आणि 'डीएनएफ मार्क डिपेंडन्सी'. पॅकेजांना हात न लावता फक्त ग्रुपची नोंद करायची किंवा काढायची असेल तर डीएनएफ ५ मध्ये 'ग्रुप इन्स्टॉल' किंवा 'ग्रुप रिमूव्ह' ला '--नो-पॅकेजेस' जोडा. एकच पॅकेज काढतानाही सावध राहा: 'क्लीन_रिक्वायरमेंट्स_ऑन_रिमूव्ह' मुळातच चालू असतं, त्यामुळे निरुपयोगी ठरलेल्या डिपेंडन्सी त्याच वेळी जातात, वेगळ्या ऑटोरिमूव्हची वाट बघत नाहीत. '--अझ्यूमनो' जोडून यादी आधी बघता येते.

आर्च

आर्चचा पॅकेज मॅनेजर पॅकमन. इथला ग्रुप म्हणजे पॅकेजवर लावलेली चिठ्ठी, त्यापलीकडे काही नाही. 'पॅकमन -एस ग्नोम' दिलं की त्या क्षणी त्या ग्रुपात असलेली पॅकेजं येतात, सगळी स्वतः मागवलेली म्हणून नोंदवली जातात, आणि ग्रुप विसरला जातो. उद्या ग्रुपात नवीन पॅकेज आलं तर '-एसवाययू' (पूर्ण अपग्रेड) ते आणणार नाही. नवीन सदस्य शोधायला 'पॅकमन -एसजीक्यू ग्नोम' आणि 'पॅकमन -क्यूजीक्यू ग्नोम' यांचं उत्तर सॉर्ट करून 'कॉम' ने ताडून बघा. पहिलं रिपॉझिटरीतली यादी देतं, दुसरं तुमच्या मशीनवरची. या अडचणीमुळेच ऑक्टोबर २०१९ मध्ये 'बेस' हा ग्रुप बंद होऊन त्याच नावाचं मेटापॅकेज आलं.

प्लाझ्मासाठी (केडीईचा डेस्कटॉप) ग्रुप आणि 'प्लाझ्मा-मेटा' दोन्ही आहेत. ग्रुपवरून मेटावर यायचं असेल तर क्रम चुकवू नका:

पॅकमन -एस प्लाझ्मा-मेटा
पॅकमन -डी --ॲझडेप्स (इथे 'पॅकमन -क्यूजीक्यू प्लाझ्मा' ने दिलेली नावं)
पॅकमन -क्यूडीटी

मेटा टाकण्याआधी दुसरी ओळ चालवली तर तिसरीत प्लाझ्माचा मोठा भाग अनाथ दिसेल, आणि सवयीने तो '-आरएनएस' ला (पॅकेज काढणारी कमांड) दिला की संपलं. शेवटच्या यादीत हवं असलेलं काही आलं तर '-डी --ॲझएक्सप्लिसिट'. अनाथ शोधताना टी एकदा की दोनदा याचा फरक लक्षात ठेवा: '-क्यूडीटीटी' मध्ये कुणाची तरी ऐच्छिक डिपेंडन्सी असलेली पॅकेजंही धरली जातात. ती यादी डोळे मिटून काढायची नाही.

ग्रुप काढताना बाहेरचं कुणी त्यातल्या एखाद्या पॅकेजवर अवलंबून असेल तर पूर्ण व्यवहार अडतो. तेव्हा '-आरएसयू' वापरा, लागणारी पॅकेजं वगळून बाकीची जातात. '-आरसी' मात्र टाळा, ते अवलंबून असलेल्यांनाही घेऊन जातं.

ओपनसुसे

इथला पॅकेज मॅनेजर झिपर. इथे ग्रुपला पॅटर्न म्हणतात आणि 'काढलेलं परत येतं' ही तक्रार सर्वांत जास्त इथलीच. पॅटर्न आतल्या पुष्कळ पॅकेजांची शिफारस करतो, त्यामुळे अपग्रेडमध्ये ती शिफारस पुन्हा पाळली जाते. एखाददुसऱ्या ॲपसाठी कुलूप पुरतं:

झिपर ॲडलॉक ॲपचं-नाव

कुलुपं 'झिपर लॉक्स' ने दिसतात, 'झिपर रिमूव्हलॉक' ने निघतात. दहा-बारा कुलुपं लावायची वेळ आली तर पॅटर्नच काढा आणि हवी ती पॅकेजं नावाने मागवा. पॅटर्न काढला म्हणून आतली पॅकेजं आपोआप जात नाहीत, त्यासाठी 'झिपर रिमूव्ह' ला '--क्लीन-डेप्स' द्यावं लागतं. कोणती निरुपयोगी ठरली आहेत ते 'झिपर पॅकेजेस --अननीडेड' दाखवतं. शिफारशी सरसकट बंद करायच्या असतील तर '/ईटीसी/झिप/झिप.कॉन्फ' मध्ये 'सॉल्व्हर.ओन्लीरिक्वायर्स = ट्रू'. पण कोडेक, फाँट, छपाईचे भाग यांसारख्या गोष्टी मग हाताने मागवाव्या लागतील. सर्व्हरवर हे बिनधास्त करा, डेस्कटॉपवर कुलूपच बरं.

झिपरची ऑटोची नोंद '/व्हार/लिब/झिप/ऑटोइन्स्टॉल्ड' मध्ये असते. कुलूप लावलं असूनही अपग्रेड अडत असेल तर झिपर उपाय सुचवताना तीन-चार पर्याय देतो. त्यातला कुलूप मोडण्याचा पर्याय पुष्कळदा पहिलाच असतो, तेव्हा १ दाबण्याआधी सगळे वाचा.